वाकडे निवडून काढ

१२ जानेवारी, सोमवार

टाक्यांवर ओणवं राहून मान आखडली. हर्षदा म्हणते वरून बघ, वरून लगेच कळतं. ती फिश रूमची इन-चार्ज, तिथे तिचाच शब्द चालतो. आणि खरंच कळतं. सरळ मासा सरळ जातो, वाकडा जाताना कमरेत लचकतो.

मोठ्या टाकीतली काही पिल्लं वाकायला लागलीत. नक्की. डोळे चोळून पुन्हा पाहिलं, मग हर्षदाला बोलावलं, मग मॅडमना. मॅडम, माझ्या गाइड, बंगाली, कौतुक फार जपून वापरतात. "गुड. अब वेट करो."

वेट. ओवीची पाठ करते का वेट? ओवी म्हणजे दादाची मुलगी, अकरा वर्षांची, तिचा कणा दर तपासणीला आणखी थोडा उजवीकडे गेलेला असतो. तिच्या रक्तात एका जीनमधलं एक अक्षर बदललेलं निघालं, आणि रिपोर्टात खाली लिहिलंय की या बदलाचा अर्थ आज सांगता येत नाही. ते वाक्य वाचून मी जी पेटले ती अजून विझले नाही. तेच अक्षर माशांत बदललं. त्यांची हाडं आपल्यासारखीच घडतात, फक्त पटापट. कोणी विचारलं तर सांगते, झेब्राफिश, हाडांच्या वाढीचे जीन्स. ओवीचं नाव मॅडमखेरीज कोणाला माहीत नाही.

जीन तपासायला वाकलेल्यांच्या शेपटीचे कण घेऊन ठेवले. मासे परत टाकीत. खोलीवर येऊन भात लावला, शिट्ट्या मोजायच्या विसरले, करपला.

१५ जानेवारी

संक्रांतीला जमलं नाही, आज घरी गेले. आईने तिळाचा लाडू दिला आणि लगेच लग्नाचा विषय काढला. लाडू अख्खा तोंडात टाकला. बोलता येईना, सुटले.

बातमी: वहिनीला दिवस गेलेत. ओवीनंतर इतक्या वर्षांनी. दादा अंगणात स्वच्छ गाडी पुन्हा पुसत होता, हसू लपत नव्हतं.

आईचं मात्र सुरू. "आता नीट ऱ्हायचा. धुलवडीच्या दिशी गिराण हाय, कॅलेंडरान बघितलाय मी. इलीला, सुरीला हात लावायचा नाय. मागल्या टायमाला कोनी आयकला नाय."

मागला टाइम म्हणजे ओवीचा. वहिनी गरोदर, ग्रहण लागलेलं, आणि ती मागीलदारी बसून बोंबील चिरत होती. वहिनी उरणकडची, घरच्या होड्या. मासळी दारात आली की चिरायची, नाहीतर नासते, एवढंच तिला ठाऊक. पोरीची पाठ वळायला लागल्यापासून आई ते बोंबील विसरलेली नाही. तोंडावर म्हणत नाही, पण वहिनी ऐकेल अशाच ठिकाणी उभी राहून म्हणते. वहिनीचं रक्त तपासून झालंय, तिच्यात ते अक्षर नाही. रिपोर्टावर बोट ठेवून आईला दाखवलं होतं मी. आई म्हणाली, "गिराण काय रगतान दिसतंय?"

दादाने रक्त दिलेलंच नाही. "माझी पाठ बघ ना," म्हणतो. पाठ सरळच आहे त्याची. कळंबोलीत लोखंडाचा धंदा, वाकड्या सळया सरळ करायचं मशीन आहे त्याच्याकडे. "तुझे मासे दे पाठवून, सरळ करून देतो." हा विनोद त्याने ओवीसमोर केला. वहिनी उठून आत गेली.

मी त्याला बाजूला घेऊन पुन्हा सांगितलं. तुझ्यात असेल तर बाळात यायची शक्यता निम्मी. नसेल तर ओवीत ते नव्यानेच आलं, बाळाला फारशी भीती नाही. म्हणून रक्त दे.

"बघू," म्हणाला, आणि काच पुसायला लागला.

१८ जानेवारी, रविवार

ओवीला लॅबमध्ये आणलं. मॅडमची परवानगी घेऊन. पिल्लू गुंगीच्या पाण्यात, आधी रंगात बुडवून काढलेलं, वरून निळा प्रकाश. कणा मणी मणी हिरवा चमकतो. ओवी मायक्रोस्कोपला डोळा लावून बसली ती उठेचना.

"हा काटा ना?"
"काटा म्हणजे हाडच गं."
"मग आजी म्हणते काटा बाजूला काढ, ते हाड असतं?"
"हो."
तिने तोंड वाकडं केलं. आठवडाभर मासे खाणार नाही बहुतेक, आणि आई मला बोलणार.

मग म्हणाली, वाकडा दाखव. दाखवला. बराच वेळ पाहिला. "याला दुखत असेल?" मी म्हटलं माहीत नाही. "मला पाठ नाही दुखत. पट्टा दुखतो." पट्टा म्हणजे तिचा ब्रेस, कडक प्लॅस्टिकचा, झोपतानासुद्धा काढायचा नाही. मला हे ठाऊक होतं आणि तरी नव्हतं.

जाताना मोठ्या टाकीपाशी थांबून वाकड्यांना हात केला. हर्षदाला हसू आलं. मला नाही आलं.

२४ जानेवारी, शनिवार

दिवसभर मुंबईत हॉस्पिटलात. दादा, वहिनी, ओवी, मी. वाक वाढलाय. डॉक्टर शांत माणूस, एक्स-रेवर पेन्सिलीने रेघा मारून दाखवल्या. पट्टा चालू ठेवा, वाढीच्या वर्षांत आणखी वळला तर ऑपरेशन. कण्याला दोन्ही बाजूंनी सळया आणि स्क्रू.

सळया म्हटल्यावर दादाने माझ्याकडे पाहिलं. दिवसभर सळयांत उभा असलेला माणूस, पण असा चेहरा त्याचा मी बाबा गेले तेव्हाच पाहिला होता.

वहिनी डॉक्टरांना हळूच म्हणाली, "बाईच्या हातून काय चूक झाली तर असा होतंय का?" डॉक्टर म्हणाले, "नाही हो." तिने मान हलवली. पटलं नाही, दिसत होतं. मला तिचा राग आला आणि आईचा त्याहून जास्त.

मधेच हर्षदाचा मेसेज. मोठ्या टाकीत गर्दी झालीय, सांग काय करू. ओवीला आत नेत होते, घाईत लिहिलं: मोठ्या टाकीतले वाकडे निवडून काढ. बाकीचे राहू दे. अंगठा आला. फोन पर्समध्ये टाकला.

२५ जानेवारी

नाही लिहिता येत.

२६ जानेवारी

झेंडावंदनाला गेले नाही. आता लिहिते.

काल सकाळी गेले तर मोठ्या टाकीत सगळे सरळ. मला आनंद झाला, वाटलं हर्षदाने किती नीट वेगळे केलेत. "वाकडे कुठल्या टाकीत ठेवलेस?"

"ठेवले? काढले ना."
"काढले म्हणजे?"
"तूच लिहिलंस निवडून काढ म्हणून."

बर्फाच्या पाण्यात. नियमाने, त्रास न होता, सगळं व्यवस्थित. मग कचऱ्याच्या पिवळ्या पिशवीत, आणि पिशव्यांची गाडी शनिवारी संध्याकाळीच येऊन गेलेली. माझ्या मागे उभी राहून ती मेसेज दाखवत होती आणि मी तो माझ्याच फोनवर वाचत होते. चूक सापडेना. मी लिहिलेलं बरोबर होतं, तिने वाचलेलंही बरोबर होतं.

मग भांडलो. दोघीही वाईट भांडतो.
"तांदूळ निवडतेस तेव्हा खडे काय बरणीत भरतेस?"
"आणि नोकरीला माणसं निवडतात तेव्हा? ती पिशवीत घालतात?"
"मग फक्त निवड लिहायचंस. काढ कशाला लिहिलंस?"

आजारी मासा, उडी मारून पडलेला, वेडावाकडा, असे ती रोजच काढते, ते तिचं कामच आहे. आणि मी तिला कधी सांगितलंच नाही की हे वाकडे माझ्यासाठी कोण आहेत.

दिवसभर सुकापूरच्या रस्त्यांवर चालले. नव्या इमारती, नव्या इमारतींच्या मागे आणखी नव्या. कुठेच जायचं नव्हतं.

२७ जानेवारी

मॅडमना सांगितलं. एकाच शब्दाचे दोन्ही अर्थ कसे, हे हिंदीत समजावताना घाम फुटला. "चुनके निकालो," मी म्हटलं. त्या म्हणाल्या, "हां, तो? रख लो या फेंक दो?" मी म्हटलं, दोन्ही. त्या माझ्याकडे बघत राहिल्या. मग म्हणाल्या, यापुढे फिश रूममधलं सगळं इंग्रजीत.

हाडांचे फोटो नाहीत, रंगवलेले सांगाडे नाहीत, काही नाही. पुढची पिढी वाढून वाकायला लागेपर्यंत पाऊसपाणी सुरू होईल. वहिनीचं बाळ त्याच्या आसपासच.

मॅडम निघताना दारातून म्हणाल्या, "जो बचा है वो देखो."
काय बघू. सरळ मासे?

३१ जानेवारी

ओवीचा फोन. "माझे वाकडे कसे आहेत?"

दुसऱ्या टाकीत आहेत, असं सांगणार होते. तोंडात तयार होतं. पण ती पोरगी सगळ्यांच्या तोंडून खोटंच ऐकते हल्ली, की पट्टा छान दिसतो, कोणाला कळत नाही वगैरे. सांगितलं. चुकून काढून टाकले.

"सगळे?"
"वाकडे तेवढे."
"सरळांना कोण काढत नाही ना?"
"नाही."
"हं," म्हणाली, आणि आजीला फोन दिला. आईने विचारलं, पोरीला काय बोललीस. मी फोन ठेवला आणि रडले. खूप दिवसांनी. रडून काही बरं वगैरे वाटलं नाही.

५ फेब्रुवारी

चिडूनच सुरू केलं. उरलेल्या प्रत्येक सरळ माशाच्या शेपटीचा कण घेतेय. हर्षदा न बोलवता येऊन मासे धरून देते. बोलत नाही, मीही बोलत नाही. आज तिने डब्यातली अर्धी पोळीभाजी माझ्या टेबलावर ठेवली. खाल्ली. मेथी होती.

पाण्याचा टँकर पुन्हा उशिरा. टाक्यांसाठी गाळलेलं पाणी पुरवून वापरतोय. मासे मरतील या भीतीने दर तासाला टाक्या बघून येते. उरलेत तेवढे तरी जगोत.

१३ फेब्रुवारी, शुक्रवार

निकाल आले. दोनदा पाहिले, तिसऱ्यांदा हर्षदाला वाचायला लावले.

वाकलेल्यांचे आधी घेतलेले कण शिल्लक होते: त्या सगळ्यांत ते अक्षर होतं. म्हणजे पाठ वाकते ती यानेच. इथवर मला वाटलंच होतं.

पण सरळांतल्या निम्म्याच्या आसपास माशांतही तेच अक्षर आहे. कणा ताठ, पोहणं झकास, आणि आत तेच. काही वाकतात, काही नाही वाकत. का ते माहीत नाही. वाकडे हाताशी असते तर मी त्यांच्याच मागे लागले असते, सरळांकडे एवढ्यात ढुंकूनही पाहिलं नसतं. हे हर्षदाला सांगितलं तर ती म्हणाली, "म्हणजे मी चांगलं केलं?" मी म्हटलं, नाही. ती हसली. मीही.

मॅडमनी पाठीवर थाप मारली. प्रथमच.

आनंद व्हायला हवा. होतोय पण टिकत नाही. डोळ्यांपुढे दादाची पाठ.

१५ फेब्रुवारी, रविवार

कळंबोलीला गेले. ट्रेलर उभे, लोखंड उतरवायचा आवाज, ओरडून बोलावं लागतं. दादाने चहा मागवला. मी सांगितलं, सरळ पाठीचा काही भरवसा नाही. माशांत तरी नाही. सरळातही ते असतं.

"म्हनजे माझ्यात हाय असं तू बोलतेस."
"असू शकतं असं बोलते."
"आनि नसंल तर?"
"तर बाळाची काळजी कमी. दोन्हीकडून तुझाच फायदा, दादा. रक्त तर दे."

मशीनमधून सळई सरळ होऊन बाहेर येत होती, तिकडे बघत तो म्हणाला, "इतकी वर्सां ती बोंबलाचा आयकतेय. मी बाजूला बसून जेवतोय."

चहा निवला. मी निघाले. एक्स्प्रेसवेच्या तोंडाशी गाड्या तुंबल्या होत्या, फटीफटीतून स्कूटर काढली. मी जिंकले होते की काय, आणि कोणाशी.

१७ फेब्रुवारी

दादाने रक्त दिलं. वहिनीने सांगितलं, त्याने नाही.

२२ फेब्रुवारी

चैन नाही. लॅबमध्ये बसलं की घरी जावंसं वाटतं, घरी बसलं की टाक्यांकडे. सकाळी उगाच कर्नाळ्याच्या अभयारण्यापर्यंत जाऊन आले, आत गेलेच नाही, बाहेर चहा पिऊन परत. वहिनीचं पोट दिसायला लागलंय. ती हल्ली फरशी पुसताना, भाजी घेताना, सगळीकडे जपून वाकते. आईला ते आवडतं. मला बघवत नाही.

२६ फेब्रुवारी

दुपारी दादाचा फोन. मागे ट्रकचा हॉर्न.
"रिपोर्ट आला."
"मग?"
"हाय."
एवढंच. मी म्हटलं, दादा, तुझी चूक नाही ही. तो म्हणाला, "तिची पन नव्हती ना," आणि फोन ठेवला.

२८ फेब्रुवारी, शनिवार

आईला सांगितलं. दादाने स्वतः, ओटीवर, वहिनी समोर असताना. "आई, ओवीचा माझ्याकडनं गेलाय. गिराणाचा काय नाय." मी जीन वगैरे समजावू लागले तर आईने हात वर केला. समजलं होतं तिला.

वाटलं होतं वहिनीला काहीतरी म्हणेल. वर्षानुवर्षं बोंबील ऐकवलेत, एक शब्द तरी. काही नाही. बराच वेळ पदर बोटाला गुंडाळत बसली. मग माझ्याकडे वळून, "याच्या टायमाला मी मिठागरावर जायची. सात महिन्यांपरत. डोक्यावर पाट्या व्हत्या मिठाच्या. त्यानी झाला असंल?"

नाही गं आई, म्हटलं. पाट्यांनी नाही होत.

"मंग तवा गिराण व्हता का कदी? मना आठवत नाय." तिने वहिनीकडे पाहिलं, जसं काही वहिनीला आठवत असेल. वहिनी उठली आणि तिला पाणी आणून दिलं. आई प्यायली. मला आईचा राग येणार होता, तो आलाच नाही, त्यामुळे आणखी अस्वस्थ झाले.

डॉक्टर म्हणालेत, हवं तर पोटातलं पाणी काढून बाळाचं तपासता येईल. पण अक्षर निघालं तरी बाळ वाकेल की नाही ते कोणी सांगू शकणार नाही. माझे मासेही सांगत नाहीत. दादा-वहिनींनी अजून ठरवलेलं नाही. दोघंही मला विचारतात आणि मी काहीतरी बोलते, घरी आल्यावर काय बोलले ते आठवत नाही.

३ मार्च, मंगळवार

धुळवड. ग्रहण दुपारपासून. रस्त्यात दोनदा रंग बसला, तशीच घरी गेले. मनात होतं, आज तरी वहिनी मोकळी असेल, मागीलदारी मासळी चिरत बसली असेल, मीही बसेन शेजारी.

ती आतल्या खोलीत चटईवर बसली होती. पाय लांब, पाठ भिंतीला ताठ टेकलेली, हात मांडीवर मोकळे. काही करत नव्हती. विळी, सुरी, कात्री सगळं माळ्यावर गेलेलं. ओवीने सफरचंद मागितलं, कापून द्यायला कोणी नाही, तिने तसंच चावायला घेतलं.

माझं डोकं फिरलं. "वहिनी, तुला रिपोर्ट माहीत आहे ना? तुझ्या हातून काही झालेलं नाही. दादाने आईसमोर सांगितलंय. आता कशाला?"

"माहीत हाय गो," ती म्हणाली. रागावून नाही. "तवा वाटायचा, मी गिराण पाललं असता तर पोर सरळ झाली असती. वायट वाटायचा, पन वाटायचा, पुढच्या टायमाला पालीन. आता तू बोलतेस गिराणाचा काय नाय. बरा. पन गिराण पालता तरी येतंय. तुझा ह्या अक्षर कसा पालू, ता सांग."

शिकलेलं सगळं तोंडाशी होतं आणि त्यातलं एकही तिला द्यायजोगं नव्हतं.

तेवढ्यात दादा आला, मोरीत तोंड धुतलं, कानात गुलाल तसाच. आत येऊन बायकोशेजारी चटईवर बसला. पाय लांब, हात मांडीवर. आई दारातून म्हणाली, "तू कशाला बसलास? बाप्ये नाय पालीत गिराण."

"माझ्याकडनं गेलाय ना," दादा म्हणाला. "मंग मी पन पालतो."

ओवी सफरचंद खात बापाच्या अंगावर रेलली, पट्टा भिंतीवर कटकन वाजला. वहिनीने दादाकडे पाहिलं नाही, पण तिचा खांदा त्याच्या खांद्याला लागलेला होता आणि तिने तो काढून घेतला नाही. चंद्र उगवायला अजून वेळ होता.

मी स्कूटरची किल्ली हातात घेऊन उभी. दादा चटईवर सरकला, जागा केली.

"तू पन त्याच आयबापाची. तुझ्यात पन असंल. बस."

हे मला सुचलं नव्हतं असं नाही. इथे एकदाही लिहिलं नव्हतं, एवढंच.

बसले.